विषय: बाबांच्या जुन्या गाडीचा हीटर गळतोय, बायपास करू का?

नमस्कार मंडळी,

सध्या पुण्यात आहे, कोथरूडला आईबाबांकडे, आणि मेल गाडीबद्दल आहे. बाबांची छोटी गाडी, २००२ ची, आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली, इंजिन अजून मस्त, त्यामुळे विकायचं नाव काढायची सोय नाही. हल्ली डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओलं होतंय, ब्लोअर लावला की गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो, फडकं मारलं की आणखीच पसरतो. बाटलीतलं कूलंट कमी होतंय पण गाडीखाली टिपूस नाही.

गॅरेजवाले म्हणतात हीटरची कॉइल (डॅशबोर्डमागची गरम कूलंट फिरणारी जाळी) गेली, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, नाहीतर हीटर वगळून अर्ध्या तासात बायपास मारून देतो, पुण्यात हीटर लावतंय कोण. शेजारचे काका म्हणतात रेडिएटरमध्ये हळद टाक. बाबांना महिन्यातून एकदा तरी वाईला जायचंच असतं, म्हणजे खंबाटकी घाट आला. परदेशात असताना ज्यांनी स्वतः गाड्यांची कामं केलीयेत त्यांनी प्लीज सांगा, हे सेफ आहे का?

— कोथरूडहून

---

ताई,

मी परत येऊन आता सहकारनगरला असतो, तिकडे बरीच वर्षं इंजिन कूलिंगमध्येच काम केलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खात्री करून घ्या की ते कूलंटच आहे. एसीच्या पाण्याचा निचरा करणारी नळी धुळीने चोंदली तरी पाणी आत त्याच जागी येतं आणि मग नको तो खर्च होतो. मॅट उचलून खाली पांढरा टिश्यू दाबा. नुसतं पाणी असेल तर रंग नाही, वास नाही. हिरवट किंवा लालसर, बोटाला चिकट लागलं तर कूलंट. तुमच्या काचेवरचा तेलकट थर वाचून मला तरी कॉइलच वाटतेय.

हळद अजिबात टाकू नका. जुन्या लोकांनी अडीअडचणीला रस्त्यात टाकून गाडी घरी आणलीये हे खरं, पण ती भोक ओळखून तिथेच बसत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचते आणि मग घाटात इंजिन तापतं. अशीच गळती गाडी चालवत राहणं त्याहून वाईट. कूलंट संपलं की हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जातं, आणि त्या खर्चापुढे डॅशबोर्ड काहीच नाही.

बायपास पुण्यात चालेल, पण कसा करतात ते बघून घ्या. बॉनेटखाली फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, दोन होज आत जातात, एकातून गरम पाणी कॉइलकडे जातं, दुसऱ्यातून परत पंपाकडे. ते दोन्ही काढून एकमेकांना जोडायचे, म्हणजे पाणी फिरतं राहिलं पाहिजे. काही जण दोन्ही होजना बूच मारून मोकळे होतात, ते करू देऊ नका, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅटला (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) गरम पाणी याच वाटेने पोचतं, ती वाट बंद केली की तो उशिरा उघडतो आणि तोवर इंजिन तापलेलं असतं. होजवर कॉक असेल तर नुसता कॉक बंद करूनही भागत नाही, परतीच्या होजमधून प्रेशर कॉइलमध्ये येतंच आणि गळती चालूच राहते.

जोडायला यू आकाराचा तयार होज मिळाला तर उत्तम, नाहीतर पितळी जॉइंटर. जुन्या होजचा तुकडा कापून नाना पेठेत घेऊन जा, १६ एमएम आहे की १९ ते दुकानदार मापून देईल. बागेचा पाइप किंवा पीव्हीसी नको. हे पाणी ९० अंशांच्या आसपास असतं आणि वर प्रेशर, रेडिएटरच्या १५ पीएसआयच्या टोपीने उकळायचं तापमान साधारण २५ अंशांनी वर जातं, म्हणजे होज सुटला तर अंगावर वाफच येणार. म्हणूनच इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय टोपीला हात नाही, बाबांनाही हे सांगून ठेवा. होजला तीव्र वाक नको, सायलेन्सरचा गरम पाइप आणि बेल्ट यांच्यापासून लांब बांधा, आणि एकदा तापून गार झालं की क्लिपा पुन्हा आवळा.

मग हवा काढणं. टोपी उघडी ठेवून इंजिन गारच असताना चालू करायचं, हळूहळू भरत राहायचं, वरचा होज गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, बुडबुडे थांबेपर्यंत भरायचं आणि टोपी लावायची. साधं पाणी नको, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी. सांडलेलं मात्र लगेच धुवा, चव गोड असते म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांना ते जीवघेणं विष आहे.

आता खंबाटकी. चढताना तापमानाचा काटा वर गेला की आपण एसी बंद करून हीटर फुल लावायचो आणि इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घ्यायचो, बायपासनंतर तो उपाय राहणार नाही. काटा चढला की गाडी बाजूला घ्यायची, दुसरा मार्ग नाही. म्हणून त्याच खेपेला रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होतो का तेही बघून घ्या. पावसाळ्यात आतून काच धुरकटली तर एसी पुरेसा आहे, त्याने हवा कोरडी होते. बाहेरून धुरकटली तर एसी कमी करून वायपर मारायचा.

— सहकारनगर

---

सहकारनगरच्या काकांच्या मेलमध्ये एक भर. हे पुण्यापुरतंच ठेवा, लिस्टवर कुणी थंड गावात वाचून करायला जाऊ नका. इथे मिनेसोटात जानेवारीत उणे २० असताना हीटर नाही म्हणजे काचेवरचा बर्फ वितळत नाही, समोरचं दिसत नाही, आणि रस्त्यात बंद पडलात तर जिवाशी गाठ. इथे कॉइलच बदलायची.

— मिनियापोलिस

---

काका, मनापासून थँक्यू! टिश्यू हिरवा आला, चिकट. गॅरेजवाल्यांना विचारलं तर ते बूचच मारणार होते, तुमचं सगळं मराठीत प्रिंट काढून दाखवलं, म्हणाले होज आणून द्या, तसं करतो. बाबांनी आजच जुन्या होजचा तुकडा पिशवीत घालून ठेवलाय. एकच राहिलं, कॉइलमध्ये जे कूलंट उरलंय ते नंतरही आत ठिबकत राहील का?

— कोथरूडहून

---

राहील. होज काढल्यावर कॉइलच्या एका नळीत हलकी हवा मारून उरलेलं बाहेर काढायला सांगा, जोरात नाही, आधीच फाटलेली आहे, आणि मग त्या दोन तोंडांना रबरी टोप्या. मॅटखालचा फोमही बाहेर काढून उन्हात वाळवा, वरून कोरडं लागलं तरी आत ओल धरून राहतो आणि पत्रा गंजतो. आणि बॉनेटच्या आत पक्क्या शाईने लिहून ठेवा, हीटर बायपास केला आहे, तारीख घालून. पुढचा मेकॅनिक कोण असेल सांगता येत नाही.

— सहकारनगर