प्रवेशाआधी सरांच्या हातात कॅमेरा द्या

‘सरांनाच नवा कॅमेरा येत नसेल तर फी कशाला भरायची?’ हा फिल्ममेकिंगच्या कोर्सला प्रवेश घेताना विचारला जाणारा सवाल रास्त आहे, पण अर्धाच. रोज निघणाऱ्या मॉडेलचा मेनू कुणालाच पाठ नसतो, तो मॅन्युअलमध्ये सापडतो. सरांना तपासायचं ते दुसरीकडे.

पुण्यातल्या एका खासगी फिल्म संस्थेत (नाव राहू द्या) चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली शूट चालू होतं आणि मॉनिटरवर पट्टे सरकायला लागले. शिकवणारे म्हणाले, सेन्सर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप) तापलाय, जरा बंद ठेवा. अहो, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, होतं 1/60 सेकंदावर. तेवढ्या वेळात दोन लुकलुकी पुऱ्या बसत नाहीत, म्हणून सेन्सरच्या काही ओळींना उजेड जास्त, काहींना कमी. 1/50 केलं की दोन बरोबर बसतात, पट्टे गायब. शेवटी हे केलं कुणी, तर लाइट घेऊन आलेल्या पोराने!

लॉ कॉलेज रोडवरची एफटीआयआय, ही सरकारी फिल्म संस्था, 1960 साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत सुरू झाली, तेव्हा सगळा कारभार फिल्मवर होता. यंत्रं बदलली, विजेचे 50 हर्ट्झ तेच राहिले.

तेव्हा डेमो लेक्चरला जाल तर ब्रोशरमधला कॅमेरा कपाटातून बाहेर काढायला लावा आणि सरांनाच चालवायला सांगा. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) का लागतो, हेही विचारा. ‘ते आमचे साउंडवाले बघतात’ असं उत्तर आलं, तर त्या साउंडवाल्यांचा क्लास कधी असतो ते विचारून घ्या.