ग्रामसभेच्या ठरावाला उत्तर द्यायला सरकार बांधील असावं की नाही?

कुळागरकाठ (धागाकर्ती)

ऑक्टोबरच्या एका रविवारी गोव्यातल्या आमच्या गावात ग्रामसभा झाली. वाड्याच्या मागचा डोंगर ऑर्चर्ड (बागायत) झोनमधून काढून सेटलमेंट (घरबांधणीचा) झोन करायचा अर्ज नगरनियोजन खात्याकडे गेलाय, हे आम्हाला कळलं तेव्हा हरकतीच्या 30 दिवसांतले 19 संपले होते. त्या डोंगराच्या पायथ्याला झर आहे. झरीचं पाणी पाटाने आमच्या आणि आणखी अकरा घरांच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, येतं. पोफळी, मिरी, केळी सगळं त्यावर. डोंगर कापला की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि एप्रिलमध्ये झर आटते. शेजारच्या गावात हे डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही विरोधाचा ठराव एकमताने घेतला, सचिवांनी नोंदवला, प्रत खात्याला पोचवली. पोच मिळाली, उत्तर नाही. मुदत संपली. पुढे काय झालं ते पंचायतीलाही सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ठराव मान्य करायचा नसेल तर करू नका, पण का नाही ते लेखी कळवा, मुद्द्यांवर. आणि ते उत्तर येईपर्यंत झोन बदलू नका. 2006 च्या डिसेंबरात लोक पणजीला आझाद मैदानावर जमले आणि पुढच्या महिन्यात 'प्रादेशिक आराखडा 2011', म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा आराखडा, रद्द झाला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्या कृतिदलात होते त्याने 2021 च्या आराखड्याचा मसुदा पंचायतींकडे पाठवला, लोकांनी आपले ओहोळ, तळी, देवराया नकाशावर दाखवल्या. तो आराखडा परिपूर्ण नव्हता, पण गावाला विचारलं होतं. आता प्लॉटप्लॉट करून तोच आराखडा उसवतोय.

पेडण्याचा_पोर

ताई, तुमची झर खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझंही ऐका. वडिलांची 900 चौरस मीटर जमीन, आम्ही दोघे भाऊ, जमीन ऑर्चर्डमध्ये. आहे त्या घरात तीन खोल्या आणि सात माणसं. मला कोणी बिल्डर म्हणू नये, मला स्वतःचं घर बांधायचंय. गेल्या ग्रामसभेत माझ्या अर्जालाही विरोध झाला, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याचं स्वतःचं घर ऑर्चर्डमध्येच उभं आहे!

मोपा विमानतळालाही वर्षानुवर्षं विरोध झाला. 2022 च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं, आज माझे दोन मित्र तिथे कामाला आहेत. विरोध करणाऱ्यांपैकी कोणी आम्हाला नोकरी दिली नव्हती. ग्रामसभेच्या हातात अडवणं दिलं तर गरीब गावकरीच अडकणार. पैसेवाला कोर्टातून मार्ग काढतो.

कुळागरकाठ

भाऊ, तुमच्या घराला विरोध करणं चूक होतं, हे मी इथे स्पष्ट लिहिते. म्हणूनच लेखी कारणं मागते आहे. कारण लिहायची वेळ आली की तुमचे 900 मीटर आणि एका कंपनीचे 90 हजार मीटर एका तागडीत घालता येणार नाहीत. आज दोन्हीचं नाव 'झोन बदल'च. नगरनियोजन कायद्यात 17(2) हे कलम 2023 मध्ये आणलं ते आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायला. 2025 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्दच केले. 'चूक दुरुस्ती'च्या नावाखाली किती जमीन गेली, तुम्हीच विचार करा.

नियमाप्रमाणे

सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, म्हणून थोडं कडू बोलतो. अडीच हजार मतदारांच्या गावात ग्रामसभेला साठ माणसं येतात. त्यातली वीस एका पॅनलची, वीस दुसऱ्याची. त्यांच्या हात वर करण्याने खात्याचा निर्णय थांबावा, हे मला लोकशाही वाटत नाही. निवडून दिलेला आमदार आहे, कायदा आहे, न्यायालय आहे.

दुसरं, मी असे ठराव वाचलेत. 'गावाचा तीव्र विरोध आहे.' सर्व्हे नंबर नाही, उतार किती त्याचा पत्ता नाही, पाणी कुठून कुठे जातं ते नाही. यावर अधिकारी काय लिहिणार? पाट, झर, बाधित कुळागरं सर्व्हे नंबरासकट नकाशावर दाखवा. डोंगर कापायला सुरुवात झाली असेल तर त्याच कायद्याच्या कलम 17अ खाली वेगळी तक्रार करा. मुख्य नगरनियोजकांच्या लेखी परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही. आणि माहिती अधिकाराखाली फाईलवरचे शेरे मागा. दहा रुपये फी आणि 30 दिवस, ठरावापेक्षा जास्त हाती लागेल.

सत्तरीवाला

नकाशा, सर्व्हे नंबर, शेरे... काका, आमच्या सत्तरीतल्या मेळावलीत लोकांकडे कुठला कागद होता? पिढ्यान्‌पिढ्या काजू लावले, जमिनीची मालकी मात्र नावावर नाही. आयआयटीसाठी जागा ठरल्यावर लोक आधी निवेदनं घेऊनच फिरले. मोजणीला पोलीस आले तेव्हा बाया रस्त्यावर आडव्या झाल्या. 2021 च्या जानेवारीत सरकारने आयआयटी तिथून हलवली. आयआयटीला आमचा राग नव्हता. आम्हाला न विचारता जमीन देऊन टाकली, राग त्याचा होता.

भूतखांब पठार आठवतं का? केरीला नायलॉनचा कारखाना येणार होता. 1995 च्या जानेवारीत गोळीबार झाला, एक तरुण गेला, मग कारखाना गेला. त्या घराने जे भरलं ते कुठल्या रजिस्टरात लिहिलंय? म्हणून मला ताईंचंही पूर्ण पटत नाही. लेखी कारण मागितलं तर छापील कारण देतील. चार ओळी, प्रत्येक गावाला त्याच.

खाजनकाठ

मोलेंच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाचं उदाहरण इथे यायला हवं. 2020 मध्ये चांदरला लोक रात्रभर रेल्वे रुळांवर बसले, शिवाय अभ्यासकांनी कागदं लढवली. 2022 च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. एकट्या रुळांनी किंवा एकट्या कागदांनी हे झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि भाषेचं कोणी बोलतच नाही. आमच्याकडे खाजनाचा (खाडीकाठच्या शेताचा) बांध फुटला, मानशीची (खारं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं कुजली, त्याबद्दल खात्याचं पत्र आलं ते इंग्रजीत. आई चाळीस वर्षं त्या शेतात राबली, तिला वाचून दाखवायला मला म्हापशाहून यावं लागलं. हरकती मागायच्या तर मराठी-कोंकणीत नोटीस पंचायतीच्या आणि देवळाच्या फळ्यावर लावा. 30 दिवस त्या दिवसापासून मोजा.

नियमाप्रमाणे

नोटिशीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. यासाठी कायदा बदलायचीसुद्धा गरज नाही, इच्छा हवी. पण उत्तर येईपर्यंत निर्णय थांबवणं, याला माझा विरोध कायम आहे. उत्तर न देता फाईल दाबून ठेवणं हा आमच्याकडचा सर्वात जुना रोग. पेडण्याच्या पोराची फाईल पण त्यातच कुजेल.

पेडण्याचा_पोर

हेच म्हणत होतो मी.

कुळागरकाठ

मग उत्तराला मुदत घाला, साठ दिवस. त्यात उत्तर आलं नाही तर फाईल पंचायतीसमोर उघडी करायची आणि अधिकाऱ्याने ग्रामसभेत येऊन बोलायचं. सत्तरीवाले दादा, तो समोर उभा असला की छापील चार ओळींवर कोणी त्याला सोडणार नाही.

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे पाटाचा नकाशा काढायला घेतलाय. अकरापैकी सात घरांचे सर्व्हे नंबर मिळाले. उरलेल्या चौघांचं मुंडकारपण (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घराचा हक्क) अजून मामलेदाराकडे पडून आहे, त्यांची कुळागरं कुठल्या नावाने दाखवायची ते सांगा. जानेवारीची ग्रामसभा यायच्या आत हवं आहे.