मदत हवी आहे: आरएक्स १००ला चेंबर लावल्यावर जेटिंग (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलचं प्रमाण जुळवणं)

मंडळी, माझ्या यामाहा आरएक्स १००ला मूळ सायलेन्सर काढून एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा मधे फुगीर एक्झॉस्ट पाइप) बसवलाय. इंजिन स्टॉकच, ९८ सीसी. वरच्या आरपीएमला गाडी सुसाट सुटते, पण फुल थ्रॉटल जरा वेळ धरलं की दम सोडते. प्लग काढला तर टोक पांढरंफटक! म्हणजे मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि टू-स्ट्रोकमध्ये हे अंगाशी येतं, पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

कार्ब्युरेटरच्या नीडलची (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवणारी सुई) क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे पेट्रोल जरा वाढवलं. मधली अडखळ गेली, वरचं दुखणं तसंच.

मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं छिद्र) किती नंबरांनी वाढवत जाऊ? की आधी क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील) आणि रीड ब्लॉकच्या (इंजिनात मिक्स्चर घेणाऱ्या झडपेच्या) गॅस्केटमधून हवा ओढतेय का ते बघू? मेकॅनिक थेट मोठा कार्ब्युरेटर लाव म्हणतोय, पण मला मूळचा मिकुनीच ठेवायचाय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.