मदत हवी आहे: बाबांच्या वहीतला ब्रेड घरच्या ओव्हनमध्ये

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. आयुष्यभर बेकरीत राबले. पहाटे दोनला उठायचे, पण आम्हा भावंडांची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडायचे. दुपारी घरी आले की शर्टाला ताज्या ब्रेडचा वास यायचा. त्या दिवशी तो वास मला घरात हवा आहे.

त्यांच्या वहीत एवढंच लिहिलंय: पीठ १००, पाणी ६५, मीठ २, यीस्ट २. हे पिठाच्या वजनाचे टक्के, इतकं कळलं. म्हणजे ५०० ग्रॅम पिठाला ३२५ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ. अडलंय यीस्टपाशी. ते ओलं यीस्ट वापरायचे, माझ्याकडे कोरडं इन्स्टंट आहे. १० ग्रॅमच्या जागी साधारण तिसरा हिस्सा घ्यायचा ना?

शिवाय बेकरीच्या भट्टीत सुरुवातीला वाफ सोडायचे. घरच्या ओव्हनमध्ये ती कशी आणू? दोनदा करून पाहिलं, वरचा भाग आधीच कडक होतो आणि ब्रेड फुगायचा राहतो.

पहिला तुकडा आईला द्यायचाय. घरी कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.