सोसायटीच्या गेटजवळची कुत्री: डॉगव्हॅन (कुत्री पकडायची गाडी) कधी बोलवायची, पिल्लांचं काय करायचं

*ए-३०२:* गेटजवळ आता पाच मोठी आणि चार पिल्लं झाली. बेळगाव कॉर्पोरेशनला सांगून एकदम सगळी उचलायला लावा की. खानापूरकडं रानात सोडली तर तीही सुखी, आपणही.

*सी-१०१ (जनावरांचे डॉक्टर):* काका, तसं चालत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं कुत्रं नसबंदी करून, उचललं तिथंच परत सोडायचं. सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०२५ ला तेच ठेवलं. अपवाद रेबीजच्या किंवा तसा संशय असलेल्या आणि चावऱ्या कुत्र्यांचा. कुत्री हलवून परत न सोडण्याचा ७ नोव्हेंबरचा आदेश शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडासंकुलं यांच्यासाठी होता, सोसायटी त्यात बसत नाही. रानाचं म्हणाल तर परक्या हद्दीत टाकलेल्या कुत्र्याला तिथली टोळी फाडते, नाहीतर बिबट्या नेतो. आणि इथला कचरा उघडाच राहिला तर मोकळ्या जागेवर दुसरी येणार, तीही नसबंदी न झालेली.

*बी-२०४:* पण गाडी आली की दोन सापडतात, बाकीची पळतात. पुढच्या खेपेला तर गाडीचा आवाज ऐकूनच गायब.

*सी-१०१:* कारण आपण दुपारी बोलवतो आणि सगळे गॅलरीतून ओरडतो. पहाटे बोलवायची, दूधवाला आणि स्कूलव्हॅन यायच्या आधी. आदल्या संध्याकाळपासून खाऊ बंद, म्हणजे बिस्किटाला जवळ येतात. मागचं गेट बंद. रोज खाऊ घालणाऱ्या ताईंनी पुढं उभं राहायचं, जाळी टाकायचं काम पथकाचं. मान आवळणारी तार किंवा लोखंडी चिमटा काढला तर तिथंच थांबवा. प्रत्येकाचा फोटो आणि उचलल्याची जागा लिहून द्या, नाहीतर परत सोडताना गल्ली चुकते आणि भांडणं वाढतात. उरलेलं एखादं फार हुशार होतं, म्हणून एकाच फेरीत सगळी.

*ए-३०२:* मग पाचही त्याच दिवशी?

*सी-१०१:* नाही, पिल्लांची आई सोडून. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत अंगावर पिणाऱ्या पिल्लांच्या आईला उचलायचं नाही, आणि सहा महिन्यांखालचं पिल्लू नसबंदीला घ्यायचं नाही. बाकीची चार आत्ता. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस केंद्रात ठेवायला हवं; दुसऱ्याच दिवशी आणून सोडलं तर घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात ओल्या टाक्याला अळ्या पडायला वेळ लागत नाही. परत आल्यावर आठवडाभर पोटाखाली सूज, पू, सुटलेला टाका बघत राहा.

*बी-२०४:* कानाला नसबंदीची खाच आहे म्हणजे लस झालेली, बरोबर?

*सी-१०१:* नसबंदीच्या वेळी टोचतात, पण रेबीजची लस दरवर्षी लागते. खाच जुनी असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. चावलं तर पहिल्यांदा १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुणं. चुना, हळद, तिखट काही नको. इंजेक्शनं ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात त्वचेत देतात ती पद्धत असेल तर. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. 'कुत्रं दहा दिवस बघू आणि मग ठरवू' हे मात्र करू नका.

*डी-४०३:* दोन पिल्लं आमच्या शेतावर न्यायची होती. आत्ता चालतील?

*सी-१०१:* पाच आठवड्यांची आहेत, आणखी तीन थांबा. आई-भावंडांत राहिली तर चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतात. लवकर काढलेली पुढं हात फोडतात. तोवर दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांत पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांची होईपर्यंत. रेबीज तीन महिन्यांला. गाईचं दूध नको, हगवण लागते. शिवाय नेण्याआधीचा शेवटचा आठवडा कुणी बाहेरचं पिल्लू मिसळू नका: पार्वोची (पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूची) लागण झाली तर रक्ताची हगवण दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे आज टुणटुणीत दिलेलं पिल्लू चौथ्या दिवशी तुमच्या शेतावर आडवं. विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलवर भरवसा नको. आधी जागा धुऊन, एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवा.

*बी-२०४:* आणि मोठं कुत्रं कुणी दत्तक मागितलं तर?

*सी-१०१:* कॉर्पोरेशनकडं अर्ज करून घेता येतं, पण मग ते पुन्हा रस्त्यावर सोडायचं नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती आधी. नेताना नुसता पट्टा नको, घाबरलं की मागं सरकून मान काढून घेतं. छातीचा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हीला दोरी. पहिले काही दिवस गेट उघडं राहिलं तर ते सरळ इथंच यायला निघणार आणि मध्ये हायवे आहे. पिल्लू देतानाही कागदावर लिहून घ्या की सहा महिन्यांनंतर नसबंदी. मादी पिल्लांसाठी तर नक्कीच, कारण 'फक्त नर हवा' म्हणणारे पुष्कळ आणि माद्याच मागं राहतात.

*सेक्रेटरी:* कॉर्पोरेशनला अर्ज मी कन्नडमध्ये करून देतो. खाऊची जागा आपणच ठरवायची आहे, तेही नियमातच आहे. जिना, मुलांचं मैदान आणि येण्याजाण्याची वाट सोडून. जनरेटरच्या मागं?

*ए-३०२:* तिथं माझी गाडी लागते ओ.

*सेक्रेटरी:* मग पंपहाऊसची बाजू. हरकत असेल त्यांनी रविवारी मीटिंगला यावं, ग्रुपवर नको.