मदत हवी आहे: पी.यू.सी.च्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) मुलांची इंग्रजी निबंधातली वाक्यं कशी सुधारावीत?

सीमाभाग_शिक्षिका:
नमस्कार मंडळी. बेळगावजवळचा खानापूर तालुका, पी.यू.सी. दुसरं वर्ष. मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. व्याकरण बरं आहे, पण निबंधात एक तर तुटक वाक्यं, नाहीतर स्वल्पविराम देत देत अर्धं पान. आठवड्याला दोन तास मिळतात. नेमका काय सराव घ्यावा?

निपाणीकर:
मॅडम, वाक्यं जोडायला लावा. फळ्यावर लिहा: 'गांधीजी प्रिसायडेड ओव्हर अ काँग्रेस सेशन. इट वॉज हेल्ड ॲट बेळगाव इन 1924. ही नेव्हर प्रिसायडेड ओव्हर अनदर.' याचं एकच वाक्य, पण दोन तऱ्हांनी.
'गांधीजी प्रिसायडेड ओव्हर ओन्ली वन काँग्रेस सेशन, द 1924 सेशन ॲट बेळगाव.'
'ॲट बेळगाव इन 1924, गांधीजी प्रिसायडेड ओव्हर अ काँग्रेस सेशन फॉर द ओन्ली टाइम.'
मराठीत जोर बहुतेकदा क्रियापदाच्या अलीकडच्या शब्दावर असतो, इंग्रजीत वाक्याच्या शेवटावर. म्हणून निबंध बेळगाववर असेल तर पहिलं वाक्य, गांधीजींवर असेल तर दुसरं. कुठलं का निवडलं, हे मुलांकडून वदवून घ्याच. खरा सराव तोच. तासाला असे तीन संच पुरेत.
स्वल्पविरामाचं म्हणाल तर 'पाऊस आला, शाळा सुटली' मराठीत खपतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा 'अँड', 'सो' लागतोच.

मलप्रभाकाठ:
आणखी एक हमखास चूक. 'कणकुंबीला पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला' हे मराठीत बरोबर, कारण '-ल्यावर'ला दोन वेगळे कर्ते चालतात. मुलं त्याचं 'रीचिंग कणकुंबी, द रेन स्टार्टेड' करतात. म्हणजे कणकुंबीला पाऊस पोहोचला! 'ॲज वी रीच्ड कणकुंबी' करून घ्या.

सीमाभाग_शिक्षिका:
हे अगदी आमच्या वह्यांतलंच! आणि पूर्ण निबंध?

मलप्रभाकाठ:
'मोबाईल: फायदे-तोटे' असले विषय देऊ नका, त्यात बाजूच घ्यावी लागत नाही. 'वर्गात मोबाईल नको' असं एका वाक्यातलं म्हणणं आधी लिहून घ्या. चाळीस मिनिटांतली आठ आराखड्याला, पंचवीस लेखनाला, सात तपासणीला. तपासताना आधी फक्त परिच्छेदांची पहिली वाक्यं सलग वाचायची. मुद्दा पुढे सरकत नसेल तर परिच्छेदांचा क्रम चुकलाय. मग शेवटच्या वाक्यापासून उलट वर यायचं. ओघ तुटला की कर्ता-क्रियापदाच्या चुका आपोआप दिसतात.