रात्री बागेतील फुलांचे लाइट पेंटिंग: फूल सपाट का दिसते?

निशाचर:
अंधारात कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवून फुलांवर टॉर्चचा प्रकाश फिरवायचा, या पद्धतीने मी सध्या बागेतील जास्वंदीची छायाचित्रे काढत आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ/८ आणि शटर ३० सेकंद. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून मी प्रकाश टाकतो. तरीही पांढरे फूल कागदातून कातरून चिकटवल्यासारखे सपाट दिसते, पाकळ्यांवरील शिरा पूर्णपणे हरवतात आणि कडा दुहेरी उमटतात. प्रकाश कमी केला, तर फूल केवळ काळवंडते. नेमके काय बदलावे?

तिपाई:
आपल्या सेटिंगमध्ये फारसे वावगे नाही. अडचण आपण उभे राहता त्या जागेत आहे. प्रकाश कॅमेऱ्याच्याच दिशेने आला की सावल्या फुलाच्या मागे लपतात, आणि पाकळीचा पोत तर सावलीमुळेच कळतो. शटर उघडल्यावर फुलाच्या बाजूला जा आणि टॉर्च पाकळीला जवळजवळ समांतर धरून वरून खाली हळूहळू फिरवा, म्हणजे प्रत्येक शिरेच्या एका कडेला बारीक सावली पडून ती उठून दिसेल. त्यानंतर दोन-तीन सेकंद मागून प्रकाश द्या; पाकळी अर्धपारदर्शक असल्याने ती आतून उजळल्यासारखी दिसते. मात्र टॉर्चचे तोंड कॅमेऱ्याला दिसता कामा नये, अन्यथा चित्रात प्रकाशाची रेघ उमटेल. त्यासाठी काळ्या कागदाची नळी टॉर्चवर बसवावी. अंतराकडेही लक्ष असू द्या, कारण टॉर्च निम्म्या अंतरावर आणली की फुलावरील प्रकाश चौपट होतो आणि पांढऱ्या पाकळीतील तपशील तेवढ्यानेच जातो. गडद कपडे घालून हालत राहिलात आणि स्वतःवर प्रकाश पडू दिला नाहीत, तर चौकटीतून गेलात तरी चित्रात दिसणार नाही.

पानगळ:
दुहेरी कडांचे कारण बहुधा वारा आहे. परिसर पुरेसा अंधारा असेल, तर शटर ३० सेकंद उघडे असले तरी फुलाची हालचाल उमटते ती प्रकाश पडत असतानाचीच. म्हणून आधी टॉर्च न लावता एक चित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले, तर परिसरातील प्रकाश त्रास देत नाही असे समजावे. मग झुळूक थांबेपर्यंत टॉर्च बंद ठेवावी आणि फूल स्थिर झाले की प्रकाश टाकावा. एकाच पाकळीवर दोनदा प्रकाश टाकताना मध्ये देठ हलला, की दुसरी कड आलीच. हे सांभाळता येत नसेल, तर एकेका बाजूच्या प्रकाशाची वेगवेगळी चित्रे घेऊन संगणकावर ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ बिंदू ठेवून) एकत्र करावीत.

तिपाई:
वेगवेगळ्या चित्रांबाबत मी थोडा असहमत आहे. दोन चित्रांच्या मध्ये फूल हलले, तर तीच दुहेरी कड संगणकावरही येते. या पद्धतीचा खरा उपयोग प्रत्येक बाजूचा प्रकाश नंतर कमी-जास्त करण्यासाठी होतो.

निशाचर:
बाजूचा प्रकाश आजच करून पाहतो. आणखी एक शंका: लाल जास्वंद एलईडी टॉर्चखाली मळकट, तपकिरी दिसते. हा व्हाइट बॅलन्सचा (प्रकाशाच्या छटेनुसार रंग जुळवण्याच्या सेटिंगचा) दोष आहे का?

पानगळ:
काही अंशी. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल, तर व्हाइट बॅलन्स नंतर सुधारता येतो. परंतु अनेक साध्या पांढऱ्या एलईडींच्या प्रकाशात गडद लाल रंगाचा अंशच कमी असतो, आणि जो रंग फुलावर पडलाच नाही तो फाइलमधून कुठून काढणार? लाल फुलांसाठी जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बची टॉर्च घ्यावी, किंवा रंग अचूक दाखवणारा एलईडी दिवा. फोकस मात्र कोणतीही टॉर्च असली तरी सारख्याच रीतीने करा: टॉर्च फुलावर रोखून ऑटोफोकस घ्या, लगेच मॅन्युअलवर या, आणि ट्रायपॉडवर असताना लेन्समधील स्थिरीकरण (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद ठेवा.